उगवू नये असं पेरलेलं

गायकवाड सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी स्वतःच्या खोकल्याकडं कान दिला… लिहायला लाज वाटते, पण तीन आठवड्यांपूर्वी असंच घडलं.

सर इंग्रजी शिकवायचे, मी गणित. बारामतीहून इंदापूरकडच्या शाळेत आम्ही त्यांच्या मोटारसायकलवर जायचो; मी मागं. कन्हेरीतल्या त्यांच्या घरात कॉलेज पाहिलेले ते पहिलेच. एकदा ते दहावीच्या मुलांना 'कल्चर' हा शब्द समजावत होते, म्हणून मी दाराशी थांबलो. मुलांनी 'संस्कृती' एवढंच लिहिलं होतं. सर म्हणाले, "मूळ शब्द लॅटिन. अर्थ जमीन कसणं. म्हंजे माझा बाप निरक्षर, पर कल्चर त्याच्या हातात व्हतं!" केळीच्या रोपांचं टिश्यू कल्चर, डेअरीतल्या दह्याचं विरजण म्हणजेही कल्चरच, असं सांगता सांगता त्यांना खोकल्याची उबळ आली. रुमाल त्यांनी पटकन खिशात कोंबला, पण लाल डाग मला दिसला होता.

डॉक्टरांना टीबीची शंका आली. त्यांनी थुंकी पुण्याला कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढतात का ते बघायला, पाठवली. सहा आठवडे थांबायचं होतं. "पेरलंय," सर म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा वाटतंय, उगवू नये." मला हसू आलं नाही. तीन वर्षं त्यांच्या पाठीला टेकून बसलो होतो, आणि घरी माझी मुलगी चार महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी पाठदुखीचं निमित्त सांगून मी एसटी धरली. सर नुसतं "बरं" म्हणाले.

सातव्या आठवड्यात शिक्षकखोलीत त्यांनी पाकीट उघडलं. "उगवलं." सगळ्यांच्या खुर्च्या नकळत मागं सरकल्या. माझीही. औषधं सुरू झाली, पण लागू पडेनात. वर्ष काही त्यांनी काढलं नाही…

परवा कन्हेरीला गेलो. वहिनी म्हणाल्या, "तुमी एसटीनं जायला लागला तवा त्यास्नी बरंच वाटलं. म्हणाले, मागं बसू नका असं मला सांगायची पाळी आली न्हाय."

फडताळात एक स्टीलचा पेला एकटाच होता. त्यावर खिळ्यानं ओढलेली फुली.

"त्यांचाच. आमच्या पोरीनं चुकून उचलू नये म्हणून. माझ्या सासऱ्याला गावात च्यासाठी येगळा कप असायचा. ही फुली त्यांनीच वढली, तवा त्येच आठवून ते रडले. रिपोर्ट आला तवा न्हाय रडले… धा येळा उकळलाय, पर इतर भांड्यांत ठेववत न्हाय."

"मी ठेवतो त्या भांड्यांत," म्हणत मी हात पुढं केला. पेल्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. वहिनी बघत होत्या.