झोपेतली खूण

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना घरात सगळे शंकासुर म्हणत. त्याला कारण त्यांचा धंदा. डोळे तपासून घ्यायला येणारी माणसं समोरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि छाती फुगवून सांगतात, "स्पष्ट दिसतंय!" शंकासुर मग गुपचूप तक्ता बदलत, की माणूस ततपप करायला लागे. त्यामुळे ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

त्यांची मेहुणी शाळेच्या मुलांची गाडी चालवायची. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "मला हल्ली स्वप्नात कळतं, की हे स्वप्न आहे."

"म्हणजे?"

"गाडीचा ब्रेक लागत नाही, हे स्वप्न मला नेहमी पडतं. आधी दरदरून घाम फुटायचा. आता ब्रेक लागला नाही की मी म्हणते, अगं, झोपली आहेस तू! मग गाडी सरळ वर उचलते. छपरांवरून फिरवून आणते."

"उठल्यावर रचलेली गोष्ट आहे ही," शंकासुर म्हणाले. "झोपलेल्याला कळत असतं, तर त्याला झोपलेला का म्हणायचं?"

"भावोजी, विमान उडतं, हे तरी पाहिल्याशिवाय मानता का हो?"

"तिकीट काढून बसलोय मी त्यात."

मेहुणी हसली, पण तिलाही चेव आला. स्वप्नात हातपाय हलत नाहीत, डोळे मात्र पापण्यांआड फिरतात, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. ती म्हणाली, "ठरलं. स्वप्नात शुद्ध आली की मी डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे बघेन. जरा थांबेन, पुन्हा तसंच. तुम्ही बघत बसा."

रविवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाली. शंकासुर खुर्ची ओढून, चष्मा पुसून बसले.

"बायकोच्या बहिणीकडे टक लावून बसलाय, कुणी बघितलं तर काय म्हणेल?" असं म्हणत बायकोही भाजी निवडायला तिथंच येऊन बसली.

दोन-तीन रविवार कोरडे गेले. मेहुणी नुसती घोरली. पुढच्या रविवारी बायकोनं नवऱ्याला गदागदा हलवलं. "अहो, उठा! केली हो तिनं खूण! दोनदा!"

शंकासुर खुर्चीतच पेंगले होते. मेहुणी डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "बघितलंत?"

"मी नाही. हिनं बघितलं."

"मग झालं तर!"

"झालं कसं? हेही ऐकीवच की!"

बायकोनं भाजीची परात उचलली आणि आत निघून गेली. ती रात्री जेवायला वाढेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

त्यानंतर एका रविवारी मात्र त्यांनी स्वतः बघितलं. आधी मेहुणीचा हात उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला. बऱ्याच वेळानं पापण्यांखाली बुबुळं सरकली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. थांबली. पुन्हा तसंच. शंकासुरांच्या अंगावर काटा आला. बंद दाराआडून कुणीतरी टकटक करावं तसं त्यांना वाटलं.

ती उठताच त्यांनी विचारलं, "तू जागी नव्हतीस कशावरून?"

"तुमच्या गिऱ्हाइकाला कोणत्या काचेतून चांगलं दिसतं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"विचारतो मी त्याला."

"आणि तो सांगतो ते मानता?"

शंकासुर "बघू," एवढंच म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. चहा पितानाही ते मधूनच स्वतःला विचारत, मी आत्ता जागा आहे का? हे विचारायची सवय लागली की स्वप्नातही तोंडून तेच निघतं, असं मेहुणीनंच सांगितलं होतं. रात्री दहाच्या आत न झोपणारा माणूस आता जेवण झालं की अंथरूण घालू लागला. बायको म्हणे, "यांना झोपायची घाई झालीये, जसं काही कुणी भेटायला बोलावलंय!"

एका सकाळी दात घासायच्या आधी त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"आज दुकानात एक घोडा आला. चष्मा मागत होता. मी नंबर काढायला बसलो आणि एकदम वाटलं, यात काहीतरी गडबड आहे."

"भावोजी! मग? पुढं काय केलंत?"

"शंका आली ना, म्हणून अंथरुणात उठून बसलो."

पलीकडे ती इतकी हसली, की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो, शंका आली तिथंच थांबायचं असतं! उठायचं नसतं!"

"असं होय?" शंकासुर म्हणाले, आणि मग जरा अवघडून त्यांनी विचारलं, "थांबायचं म्हणजे नेमकं कसं गं?"