रोजा असलेल्या माणसाचं पिठलं

भीमेच्या काठानं दौंडपर्यंत पायी जाणाऱ्यांना शिरूर तालुक्यातल्या एका गावाबाहेर पत्र्याचं छोटं हॉटेल लागतं. मार्चमधल्या एका दुपारी मी तिथं पोहोचलो तेव्हा बाटलीतलं पाणी संपलं होतं आणि पुढं जाणं शक्य नव्हतं. हॉटेलला कुलूप होतं. लिंबाच्या सावलीत पांढऱ्या दाढीचे मालक कांदे निवडत बसले होते.

"रमजानमधी दुपारचं बंद असतं," ते म्हणाले. मग माझ्याकडं नीट बघून उठले आणि कुलूप काढलं.

त्यांनी माठातलं पाणी दिलं. मी संकोचानं पाठ फिरवून पिऊ लागलो.

"आवो, तिकडं काय तोंड करता? रोजा माझा हाय, तुमचा न्हाई. हिकडं बसून प्या."

मग त्यांनी चूल पेटवून पिठलं टाकलं. ते होत आलं तसं त्यांनी फुंकर मारून थोडं माझ्या तळहातावर ठेवलं. "मीठ बघा. मला चाखता येत न्हाई."

"बरोबर आहे, मामा."

"भिडंखातर नका सांगू. काल एक पोरगी बरोबर हाय म्हणली आन् अळणीच खाऊन गेली."

"थोडं कमी आहे."

त्यांनी चिमूटभर टाकलं आणि पुन्हा माझा हात पुढं करायला लावला. आता चव जमली होती.

भाकरी वाढून ते समोरच बसले. सूर्यास्ताला अजून बराच वेळ होता. मी दुसरी भाकरी मागितली, तेव्हा चुलीपुढं घामेजलेला त्यांचा चेहरा नुकतंच पाणी प्यायलेल्या माणसासारखा तृप्त दिसला.