चिठ्ठीत होती फक्त कंबर

मुलुंडला माझं टाइल्सचं दुकान आहे, हातगाडीपासून उभं केलेलं. दिवसभर गल्ल्यावर बसायचं, म्हणून माकडहाड दुखायला लागलं तेव्हा मी खुर्ची बदलली. मग मधे भोक असलेली उशी आणली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कपड्यांवरूनच कंबर दाबली आणि सायटिका ठरवून टाकली. दीड वर्ष गोळ्या, शेक. पोट साफ होईना, तर म्हणाले, "वय झालं, इसबगोल घ्या." त्या माणसावरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही.

एमआरआय काढायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं दुखतंय खाली आणि चिठ्ठीत फक्त कंबर आहे. डॉक्टरांना विचारून खालचाही भाग करून घ्या ना."

टाइलबरोबर गिऱ्हाइकाच्या गळ्यात आणखी चार वस्तू मारण्यात माझं आयुष्य गेलं. वाटलं, हीही तेच करतेय. "लिहिलंय तेवढंच काढ," मी ओरडलो. वर सूटही मागितली. रिपोर्ट स्वच्छ आला. मी जिंकल्यासारखा घरी गेलो.

आठ महिन्यांनी लघवी अडायला लागली. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुदद्वारातून बोटाने तपासावं लागेल." मी उसळलो.

"गप पडा हो!" सोबत आलेली बायको म्हणाली.

बाईंचं बोट आत एका जागी थांबलं. "मागच्या हाडाला गाठ लागतेय. हे तुमचं आधी कुणी तपासलंच नाही?"

नव्या स्कॅनमध्ये ती दिसली, माकडहाडाच्या वरच्या हाडात. बाईंनी मला तडक सर्जनकडे पाठवलं. जो ऑपरेशन करणार त्यानेच पाठीकडून सुईने गाठीचा तुकडा तपासायला घ्यायचा, कारण सुईची वाटही पुढे कापून काढावी लागते, असं त्यांनी बजावलं. रिपोर्ट आला: कॉर्डोमा. फार थोड्यांना होणारा हाडाचा कॅन्सर.

सर्जननी फिल्मवर पेनाने रेघ ओढली. "इथून खालचं हाड जाईल, त्यातल्या नसाही. लघवी-संडासावर ताबा राहील की नाही, आज सांगता येत नाही."

"रेघ बोटभर खाली घ्या ना, डॉक्टर."

"गाठ कापली जाईल. मग ती परत येते."

"अर्धं बोट?"

बायकोने माझा दंड घट्ट धरला. "अहो, दुकान नाही हे."

सर्जननी रेघ हलवली नाही. मी सही केली.

गाठ अखंड निघाली. संडास ताब्यात राहिली, लघवीला मात्र नळी लागते. माझी मीच घालतो. सुरुवातीला बायको बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहायची. आता ती टीव्ही बघत बसते.