सात पानांचा गुलाब

भूमच्या गुलाबबागेबद्दल मी जे सांगतो, त्यातलं निम्मं लोक सोडून देतात. घरी बायको पाऊण सोडते. तरी सांगतो. एकेक गुलाब परातीएवढा. सकाळी आत शिरलेला भुंगा दुपारी रस्ता विचारत बाहेर यायचा. वारं फिरलं, की येरमाळ्याला एसटीतले प्रवासी वासावरून भूम आलं समजून पिशव्यांसकट उतरायचे!

बाग गावाची. फाटकाला कुलूप नाही. आमच्या कोरड्या मुलखात नजर गार करायची हीच एक जागा. कारकून तिथं डबा खायचे, बाजार उरकलेल्या बाया गाडी येईपर्यंत तिथं पाय पसरायच्या, आणि घरात एकमेकींशी न बोलणाऱ्या सासवा-सुना तिथं एका बाकावर बसायच्या. फूल तोडायचं नाही, हा माळीमामांचा नियम. पण दसऱ्यानंतर छाटणी झाली, की छाटलेल्या काड्या ते येईल त्याच्या हातात द्यायचे. "न्या, लावा. मेली तर मला सांगू नका."

गेल्या वर्षी श्रावणात मामांचा खुबा मोडला. ऑपरेशनला सोलापूरला निघताना मला म्हणाले, "गुरुजी, बाग तुमच्याकडं. पाणी घाला. बाकी कायबी करू नका."

जन्मभर शाळेत शिकवलं, पण 'बाकी काही करू नका' हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

महिनाभरात झाडांच्या बुडातून नवे फुटवे आले. काय फुटवे! रात्रीत हातभर वाढायचे. मी त्यांना वाकून नाही, मान वर करून बघायचो. वरच्या जुन्या फांद्या मात्र सुकलेल्या, रुसलेल्या. म्हाताऱ्यांनी जागा करून द्यावी, हे मला निवृत्तीच्या सत्कारात ऐकवलं होतंच. घेतली कात्री. सकाळी फिरायला येणारी मंडळीही मदतीला लागली. बाग अशी माजली की बास!

"गुरुजी, मामांपरीस तुमच्याच हाताला गुण हाय," लोक म्हणायचे.

मला ते पटत होतं.

दिवाळी झाल्यावर मामा वॉकर टेकत फाटकात आले आणि तिथंच थांबले. हिरवं रान नुसतं. फूल एक नाही. त्यांनी एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं.

"ह्या देठाला किती दळं हायत, बारकी पानं? मोजा."

"सात."

"आपल्या गुलाबाला किती असत्यात?"

मी पान पुन्हा मोजलं. पाच असतात.

"चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा डोळा, म्हंजी कोंब, आपण जंगली खुंटावर बांधतो, गुरुजी. तुमी वरचा गुलाब कापला अन् खालचं जंगल वाढवलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले आणि बिनफुलाच्या वाफ्यांकडं बघत राहिले. "जुने वाण होते. आता कुठल्या नर्सरीत मिळायचे न्हाईत."

बाजार करून आलेली एक कासारीण शेजारच्या बाकावर गाडीची वाट बघत होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन हजर.

"घ्या मामा. तुमचीच हाय. लई माजलीय आमच्या दारात."

इथून पुढचं मी वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नाही.

कासारणीनं बांगड्या भरता भरता दारोदार सांगितलं, आणि माणसं येऊ लागली. तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत, गोठ्यामागं जगवलेल्या गुलाबांच्या काड्या घेऊन. शेजारच्या वाशीला दिलेल्या एका लेकीनं सासरहून काडी पाठवली, ती कंडक्टरनं मांडीवर सांभाळत आणली. एका म्हाताऱ्यानं काडी दिली आणि म्हणाला, "ही काळपट लाल. गेल्या साली घरची मालकीण गेली, तवापासून मीच पाणी घालतो." मामांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. इतकी वर्षं मी जिला बाग म्हणत होतो, ती फाटकाच्या आत कधी नव्हतीच. सगळ्या मुलखात पसरली होती. मी, गावातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस, काड्या मोजायचं विसरून उभा होतो.

मामांना वाकता येत नव्हतं. ते स्टुलावर बसून काडीतून डोळा काढायचे, मी मातीत बसून खुंटाची साल चिरायचो, डोळा आत सरकवायचो, पट्टी बांधायचो. पाठीचं पार धनुष्य झालं.

"खुंट मात्र झकास पोसलेत," मामा म्हणाले. बरं वाटलं. मग म्हणाले, "फाटकाजवळचा एक तसाच राहू द्या. गुरुजींचा वाण."

तो अजून आहे. येणारा-जाणारा त्याची पानं मोजतो आणि माझ्याकडं बघून हसतो.

थंडी सरता सरता पहिलं फूल उमललं, त्या म्हाताऱ्याचं काळपट लाल. तो समोर उभा राहिला, टोपी काढली. मागं बाजारातली माणसं गोळा झाली होती. मामांनी पाकळीला बोट लावलं आणि नुसती मान हलवली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "केवढं आलंय फूल?"

"वाटीएवढं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं, गॅस बंद केला आणि चपला शोधू लागली.