जवाचं पीक कुणी आत आणलं

आमच्या घरी झोपताना रामायणाऐवजी अमेरिकेतल्या दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या लेखकांच्या गोष्टी असत. बाबा इंग्रजीचे प्राध्यापक. तळ्याकाठी स्वतःच्या हातानं खोपट बांधून राहिलेला तो एक, त्याला जागा देणारा त्याचा वडीलधारा मित्र, आणि बायकोमुलींना घेऊन शेतावर आदर्श वसाहत काढायला निघालेला तिसरा. हे सगळे मला सख्ख्या काकांसारखे माहीत. निसर्गात देव आहे, माणसाच्या आत देव आहे, गरजा कमी करा. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. तिच्या आत काय आहे, याची गोष्ट कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

मागच्या वर्षी बाबांनी जाहीर केलं की पुण्यातला फ्लॅट विकायचा आणि भोरच्या पुढे घेतलेल्या जमिनीवर एका खोलीचं घर बांधून राहायचं. टीव्ही नाही, कामवाली नाही, विहिरीचं पाणी. मी सिंगापूरहून फोनवर टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. मी इथे एसीत बसून एका कंपनीचे हिशेब बघते. दुसऱ्यानं गरजा कमी केल्या की मला फार भरून येतं.

फ्लॅटचा व्यवहार व्हायच्या आधी दोघं महिनाभर आमच्याकडे सिंगापूरला, हौगांग भागात आली. आमचा मराठी मंडळींचा एक छोटा वाचनगट आहे. मी हौसेनं आमच्या इमारतीजवळचा हॉल घेतला, बाबांचं भाषण ठेवलं आणि ओळख करून देताना सांगितलं, की हे नुसते बोलणारे नाहीत, आता तसं जगायला निघालेत.

भाषण रंगलं. तळ्याकाठच्या त्या एकांतवाशाचे कपडे गावातल्या घरीच धुतले जायचे म्हणे, असं बाबांनी मिश्कीलपणे सांगितलं. मग वसाहतीची गोष्ट आली. तिथे दूध वर्ज्य, गुलामांच्या श्रमाचा कापूस अंगाला लावायचा नाही. कापलेला जव शेतात पडलेला, आणि पुरुषमंडळी विचार पटवायला दूर गेलेली. तेवढ्यात वादळ आलं. वसाहत काढणाऱ्याच्या बायकोनं आणि लहान मुलींनी टोपल्यांत, चादरींत भरून ते पीक आत आणलं. "तत्त्वज्ञान गावाला गेलं, म्हणून धान्य घरात आलं!" बाबा म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले.

शेवटी एका बाईंनी पहिल्या रांगेतल्या आईला कौतुकानं विचारलं, "काकू, तुमचीही तयारी आहे ना हो? धन्य आहे तुमची!"

"मला अजून कुणी विचारलेलं नाही," आई म्हणाली.

अगदी साधं म्हणाली, भाजीत मीठ घालायचं राहिलंय असं सांगावं तसं. बाबा कागद आवरायला लागले. आणि मी, तिची मुलगी, ताडकन उठून म्हणाले, "गंमत करतेय हो आई! ती नसेल तर बाबांना तिकडे चहा तरी मिळेल का?" सगळे सुटल्यासारखे हसले. आईही हसली. मला लाज वाटत होती ती तिची. चार लोकांत काय बोलावं याचा हिला पोच नाही, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ एकदम काळं झालं. आमचे कपडे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर वाळत असतात. बाबा सोफ्यावर वाचत होते. मी कालच्या कौतुकाच्या मेसेजना उत्तरं देत होते. आई आणि माझी बारा वर्षांची मुलगी भरलेल्या काठ्या आत ओढत होत्या, दोघी खांद्यापर्यंत भिजलेल्या.

"आज्जी, यू स्टे हिअर लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "विथ अस."

आईनं काठी ओट्याला टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. नजर हटवली नाही. मी म्हणाले, "इथे राहायच्या पासचं बघावं लागेल गं. इथले नियम फार किचकट."

नियम मी वाचलेसुद्धा नव्हते. आई राहिली तर बाबांना जाता येणार नाही, एवढंच मला दिसलं होतं. आणि ते खोपट लहानपणापासून माझंही होतं, फक्त त्यात राहायला मला जायचं नव्हतं. मला माझी किळस आली, तरी मी फोन खाली ठेवला नाही.

"असू दे गं," म्हणून आई कपडे पिळायला लागली.

ती दोघं परत गेली, फ्लॅट विकला, घर बांधून झालं. व्हिडिओ कॉलवर बाबा डोंगर दाखवतात. मागून कळशी घेतलेली आई जाते आणि चित्रातून निघून जाते. अनेक महिने मी "किती सुंदर!" म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात बाबा फिरायला गेल्याची वेळ साधून मी आईला फोन केला. पासचे नियम आता वाचले होते. इतके काही किचकट नव्हते. मी विचारलं, "आई, तुला तिथं राहायचंय का?"

तिकडे कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"विचारलंस तू," ती म्हणाली. मग म्हणाली, "ठेवते आता. ते यायच्या आत पाणी भरायचंय."