मावसाजी आणि राजा यू

चीनच्या प्राचीन राजांशी घरोबा असलेला एकच माणूस भंडारा जिल्ह्यात होऊन गेला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. मावसाजी आसगावचे धानकरी. पूर्वेला ते फार तर गोंदियापर्यंत गेले असतील. पण साकोलीच्या बाजारात रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड, पुठ्ठा निघालेलं हिंदी पुस्तक मिळालं, आणि तेव्हापासून दोन-चार हजार वर्षांपूर्वी मेलेले राजे आमच्या मावशीच्या घरी मुक्कामाला आले. चहा पिताना, खळ्यावर धान चुरताना, जावयाशी बोलताना, मावसाजी त्यांच्यातल्या कुणाला तरी साक्षीला काढत. एका लग्नात जिलबीचं ताट तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा ते पंगतीतून उठले आणि वरबापाला शांतपणे म्हणाले, की दारूचं तळं खणून झाडांना मांस टांगणारा एक राजा होता, त्याचं घराणं असंच बुडालं. वरबापाने पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ मातीचे सैनिक सापडल्याचं पेपरात आलं, तेव्हा ते कात्रण घेऊन गावच्या कुंभाराकडे गेले. रानडुकरं धानात शिरत होती. बांधावर असं सैन्य उभं करावं, असा त्यांचा विचार. कुंभाराने किती नग लागतील ते विचारलं. मावसाजींनी सहा-सात हजार सांगितले. कुंभार म्हणाला, आधी पोळ्याचे बैल होऊ द्या.

सरपंचांशी मात्र त्यांचं खरंच बिनसलं. पुस्तकात म्हणे असं होतं, की राजा नालायक निघाला की आभाळ आपला हुकूम काढून घेतं, आणि मग अवर्षण, गारपीट सुरू होते. एका उन्हाळ्यात गारा पडल्या आणि मावसाजींनी ग्रामसभेत उठून सरपंचांचा राजीनामा मागितला. सरपंच बिचारे रडकुंडीला आले. "गारा का माह्या घरून आल्या, पाटील?" एवढंच त्यांनी विचारलं.

या सगळ्यांत मावसाजींचा लाडका राजा यू. एका अक्षराचं नाव असलेला. देशभर पूर आला तेव्हा हा राजा तेरा वर्षं कालवे खोदत हिंडला. तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकलं, तरी आत पाऊल टाकलं नाही. हे सांगताना मावसाजींचा आवाज भरून येई. मावशी म्हणे, "त्याच्या बायकोले कोणी विचारलं का?"

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका पावसाळ्यात मी पोळ्यासाठी साकोलीहून आसगावला गेलो होतो. मावसबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीन दिवस झड लागली आणि सकाळी बोंब उठली, की गावतलावाची पाळ झिरपू लागली आहे. पाळ फुटली तर खालचं सगळं धान जाणार. सारा गाव टोपल्या घेऊन धावला. मुरमाची खदान एका टोकाला, पाळ दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध मावशीचं घर. मावसाजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते पाहून मला काळजीच वाटली.

पहिल्या खेपेला मावशी दारात चहा घेऊन उभी होती. ते मान ताठ ठेवून पुढे गेले. मागे टोपली घेऊन चाललेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "एक झालं."

दुसऱ्या खेपेला मावशीने सांगितलं, की पोरीला कळा सुरू झाल्यात, सुईण आली आहे. मावसाजी थबकले. मग ते म्हणाले, "पाळ जाऊन राहिली, बाई," आणि चालू लागले. यावेळी आकडा मोजला नाही.

तिसऱ्या खेपेला दारात कुणीच नव्हतं. मावसाजी डोक्यावरची टोपली धरून रस्त्यात उभे राहिले. पावसाचा आवाज तेवढा येत होता. आतून सुईण म्हणाली, "झालं, झालं." पण त्यानंतर काहीच ऐकू येईना.

"रडून काहून नाही राहिलं?" त्यांनी मला विचारलं.

टोपली रस्त्यातच पडली. ते मांडीपर्यंतच्या चिखलासकट घरात शिरले. मी ओट्यावर उभा राहिलो. सुईणीने लेकराला उलटं धरून थापट्या मारल्याचा आवाज आला, मग मावशीचा देवाला हाका मारणारा आवाज, आणि मग, फार वेळाने, मांजरीच्या पिल्लासारखं एक बारीक रडणं.

पाळ टिकली. मावसाजींच्या वाट्याच्या टोपल्या सरपंचांनी वाहिल्या. संध्याकाळी ते सांगायला आले, तेव्हा मावसाजी पायरीवर बसून होते. सरपंचांचा हात धरून ते म्हणाले, "मले माफ करजा, मी घरात गेलो." सरपंचांना त्यात माफ करण्यासारखं काय, ते कळलं नाही. तेही शेजारी बसले.

पुढे ती नात सुट्ट्यांत आजोळी येऊ लागली आणि रोज यू राजाची गोष्ट मागू लागली. एकदा मी ऐकत होतो. राजा तिसऱ्यांदा दारावरून चालला, आतून रडणं आलं. "मंग?" तिने विचारलं.

"मंग का," मावसाजी म्हणाले, "तो गेला ना घरात. चिखलाचे पाय घेऊन गेला. राणी लय रागावली त्याले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो, लय रागावली," मी म्हणालो.