आतून लागलेली कडी

गेल्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला, सकाळी, आर्वीला ताईच्या घरी पाच पुस्तकांच्या चित्रपट-हक्काचा करार झाला. रक्कम पाच लाख एक हजार; त्यातले एक लाख त्याच दिवशी धनादेशाने, बाकीचे चित्रीकरण संपल्यावर. हजर होतो आम्ही पाच जण. माझी थोरली बहीण इंदूताई, म्हणजे पुस्तकांची लेखिका, मी, माझी बायको, पुण्याचे निर्माते, आणि दिग्दर्शिका रेवती, जिने ही पुस्तके शाळेत असताना वाचली होती. मी पुलगावला एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, म्हणून ताईने करार मला वाचायला लावला होता. सह्या झाल्यावर तिने पेनाला टोपण लावले आणि कागदात नसलेली एक अट तोंडी घातली. "ते दार, मी आहे तोवर उघडायचं नाही. मग तुमचं तुम्ही पाहा." निर्मात्यांना ते आवडले नाही, पण रेवतीने सगळ्यांसमोर कबूल केले. त्या पाचांतली ताई आता नाही. मार्गशीर्षात गेली, झोपेतच. दूधवाल्याच्या हाकेला उत्तर मिळाले नाही, त्याने शेजाऱ्यांना बोलावले, आणि शेजाऱ्यांचा मला फोन आला...

ज्यांनी 'तळवाडी'ची पुस्तके वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तळवाडी हे पाण्याखालचे गाव. वर धरण, खाली गाव, आणि गावाला आपण बुडालो आहोत याचा पत्ता नाही. गोठ्यात मासे झोपतात. न्हाव्यापुढे बसलेल्या गिऱ्हाइकाचे केस वरच्या वर तरंगत राहतात, म्हणून कापायला सोपे जातात. पौर्णिमेला एक एसटी येते, निथळत, आणि कंडक्टर ओली तिकिटे फाडतो. झिपरी नावाची पोर धरणात बुडी मारून या गावात येते-जाते. तळवाडीतल्या कुठल्याही घराला दार नाही. नुसती मोकळी भगदाडे. फक्त एका घराला दार आहे, आणि त्याला कुलूप आहे. पाचही पुस्तकांच्या शेवटी झिपरी त्या दाराला कान लावते आणि घरी जाते. पुस्तक तिथे संपते. आत काय आहे, हे ताईने कधीच लिहिले नाही. त्यावरून तिला पोरांची किती पत्रे आली याची मोजदाद मीही ठेवली नाही. वडनेरच्या एका मुलीने लिहिले होते, 'आत कोण आहे ते सांगू नका. फक्त ते जेवलं का, तेवढं कळवा.' ते पत्र ताईने कपाटाच्या काचेला आतून चिकटवले होते.

दारे नसणे ही कल्पना नव्हती. आमचे गाव खरेच धरणात गेले. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई चौदा. नव्या वसाहतीत जाताना प्रत्येकाने आपापल्या घराची कौले उतरवली, वासे काढले, आणि सगळ्यात शेवटी चौकटीसकट दार काढून बैलबंडीवर टाकले. सागवान कोण पाण्यात सोडणार? आमच्या बाबांनी मात्र दाराला हात लावला नाही. सामान बाहेर काढले, आम्हाला बाहेर काढले, आणि बाहेरून कुलूप घातले. आई म्हणाली, "सगळ्याहीनं दारं नेली. तुम्ही काऊन ठेवून राह्यले?"

"उघड्या घरात पाणी सरळ शिरते," बाबा म्हणाले.

"अन् कुलूप पाहून थांबते काय?"

"थांबत तं नाई. पण ते इचारून येईन."

हे मी आईच्या तोंडून पुढे पुष्कळदा ऐकले. ती सांगायची आणि हसायची. बाबा तेव्हा आडकित्त्याने सुपारी कातरत बसायचे, हसायचे नाहीत.

ताई पुढे शिक्षिका झाली, आर्वीला राहिली, लग्न केले नाही. शाळेत दुपारच्या सुट्टीत पोरांना सांगायला म्हणून तळवाडी सुरू झाली आणि पुस्तकांपर्यंत गेली. कार्टून चित्रपटासाठी पूर्वी एक-दोन जण येऊन गेले होते. नमुन्याची चित्रे तिने नीट पाहिली आणि परत दिली. "पाणी छान काढलं तुम्ही. पण ओल काढता येत नाही," असे तिने त्यातल्या एकाला सांगितले. रेवतीला ते पटले असावे. तिने खरी माणसे आणि खरी माती घेऊन चित्रपट करायचे ठरवले, आणि धरणाच्या काठावर, आमच्या वसाहतीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, भाड्याच्या जमिनीवर तळवाडी उभी केली. पुढून भिंती, मागून बांबूचे टेकू. भिंतींवर तागाच्या दोऱ्यांचे शेवाळ. दारांच्या जागी भगदाडे, आणि एकाच ठिकाणी सागवानी दार. ते पुलगावच्या एका जुन्या लाकडाच्या वखारीतून आणले होते.

तळवाडीची माणसे म्हणून वसाहतीतल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांना रोजावर घेतले होते. पहिल्या दिवशी त्यांना सांगितले, कुठेही उभे राहा. सगळे जण पांगले आणि एकेका भगदाडापुढे जाऊन थांबले. शांताबाई, म्हणजे ताईची लहानपणची मैत्रीण, एका घरापाशी गेली, चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन बसली. कोणाचे घर कुठे होते हे चित्रपटवाल्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी फक्त पुस्तकांतून नकाशा काढला होता. पुस्तकांत ताईने गाव होते तसेच लिहिले असणार, एवढाच त्याचा अर्थ. पण मला ते पाहताना पाठीला गारवा लागल्यासारखे झाले. भर दुपारी. आमच्या दारापुढे कोणी उभे राहिले नाही. येता-जाता सगळे तिथे वळसा घेत होते.

ताईला मी तिथे नेले ती आमची शेवटची भेट. दिवाळी होऊन गेली होती. ती सगळ्या घरांसमोरून हळूहळू चालत गेली, शांताबाईने "मास्तरीणबाई आल्या, आता हजेरी घेतील" म्हणून टोमणा मारला, त्यावर हसली. दारापाशी आल्यावर थांबली. मग पुस्तकातल्या झिपरीसारखा कान लावला. मी चष्मा पुसत उभा राहिलो, कारण साठीच्या बाईने सगळ्यांसमोर असे करावे याचा मला संकोच वाटला. तिने दाराच्या कडेने बोटे फिरवली, मागे वाकून पाहिले. मागे घर नव्हतेच. टेकू, आणि त्यापलीकडे तुरीचे शेत.

परतताना गाडीत ती म्हणाली, "बापू, त्याहीनं आतून कडी नाई बसवली. बरं केलं."

मी म्हणालो, मागे कोणी राहणार नाही तर आतून कडी कशाला?

ती बाहेर पाहत म्हणाली, "आपल्या घरातबी कोणी नव्हतं."

आणि मग तिने मला ते सांगितले. बाबांनी कुलूप घातले, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली, आणि ते वळायच्या आत दारामागून कडी लागली. लोखंडाचा आवाज, रोज रात्री आई लावायची तसा. पहिल्यांदा जड, मग खट्. बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी बैलांना हाकारले. मी त्या वेळी बंडीवर गाद्यांच्या वळकटीत बसलो होतो. मी काही ऐकले नाही.

मी हिशेबी माणूस आहे. मी तिला मोजून दाखवले. घरात माणसे चार. आई, बाबा, तू, मी. चारही बाहेर. गाय आधीच वसाहतीत गेलेली. मग कडी लावली कोणी?

"मी," ताई म्हणाली.

"तू तं बाहेर होती."

"बाहेर होतीच ना. तेच तं. मले वाटते, चौदा वर्साची इंदू आतच राह्यली. तिनं यायले नाई म्हटलं. मी इकडे मास्तरीण झाली, पेन्शनीत निघाली, अन् ते पोरगी तिथंच हाये. म्हणून मी हावो तोवर खोलू नका म्हटलं. दोघींनी एकमेकीले पाहणं बरं नाई, बापू."

"बाबाले कधी इचारलं?"

"एकदा इचारलं. म्हणाले, घराले आपलं आपलं राहू दे."

गाडी आर्वीच्या डेपोपाशी आली होती. तिने तिथल्या गाडीवरून माझ्या मुलीसाठी संत्री घेतली, दोन सोलून मला गाडीतच खायला लावली आणि उतरली. मी तिला परत पाहिले ते... असो.

ताईचे चौदावे झाल्यावर रेवती पुलगावला आमच्या घरी आली. चित्रीकरणाचे थोडेच दिवस उरले होते. निर्माते तिच्या मागे लागले होते की अट आता संपली, दार उघडा, लोक दोन तास त्याच्यासाठीच बसतील. कागदोपत्री तिला माझी परवानगी लागत नव्हती, हे तिला माहीत होते आणि मलाही. तरी ती विचारायला आली. "काका, मी लहानपणापासून त्या दारामागे काय आहे याचा विचार करत आले," ती म्हणाली. "आणि आता उघडायची वेळ आली तर मला नकोसं वाटतंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी निर्मात्यांशी भांडेन."

मी दोन दिवस मागून घेतले. ताईने गाडीत सांगितलेले मी तोवर कोणालाच सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. दार बंद ठेवणे सोपे होते. ताईचा मान राहिला असे सगळ्यांना वाटले असते. पण तिचे शब्द माझ्यासमोर उच्चारलेले होते. ती असेपर्यंत, एवढेच ती म्हणाली होती. आणि ती आता नव्हती. आत जर खरेच कोणी असेल तर ते आणखी किती वर्षे एकटे राहणार? हा विचार मला शोभणारा नाही. पण दोन दिवस मी त्याचाच केला, आणि रेवतीला फोन करून उघडा म्हणालो. एकच मागणे केले, की मी तिथे असेन.

पौषातला दिवस होता, ढगाळ. सगळे गाव दारासमोर गोळा करून उभे केले होते. ओलीसाठी आदल्या संध्याकाळी दारावर पाणी मारले होते. मागे काळे कापड बांधले होते, म्हणजे उघडल्यावर नुसता अंधार दिसावा. झिपरीचे काम करणाऱ्या मुलीने कुलूप काढले, ढकलले. दार हलले नाही. रेवतीने पुन्हा सांगितले, पुन्हा नाही. सुताराने खांदा लावला. नाही. तो म्हणाला लाकूड फुगले आहे, रंधा आणतो, आणि गेला. कॅमेरा चालूच होता.

तेव्हा शांताबाई गर्दीतून पुढे आली. "ढकलू नका," ती म्हणाली. "आतून लावलं हाये. हाक माराव लागते."

मी तिच्याजवळ गेलो. "तुले कोणं सांगितलं?"

"कोण सांगन? माही बंडी तुमच्या मागंच होती," ती म्हणाली. "मी आयकलं नाई काय?"

मग तिने दाराकडे तोंड केले आणि रोज खेळायला बोलवावे तशा आवाजात म्हणाली, "इंदे. खोल वो. समदे आले."

दार उघडले. फार नाही, एक माणूस अंग चोरून निघेल एवढे. सुताराने नंतर सांगितले की सकाळच्या उन्हाने लाकूड आकसले आणि सुटले. मला ते पटते. सकाळपासून ऊन पडले नव्हते, हेही इथे नोंदवतो.

पुढे जे झाले ते कोणी ठरवलेले नव्हते. शांताबाईने पदराला बांधलेली भाकर सोडली, तुकडा मोडला, बाजूच्या गडव्यात पाणी होते ते घेतले, आणि लांबून आलेल्या माणसावरून उंबऱ्यात ओवाळतात तसा भाकरतुकडा ओवाळला. समोर कोणी नव्हते. तिचा हात स्वतःच्या खांद्याच्या खाली फिरत होता, चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्याभोवती फिरावा तसा. तुकडे दोन बाजूंना टाकले. पायांवर घालतात तसे पाणी घातले. मागची म्हातारी माणसे कोणी न सांगता दोन बाजूंना सरकली, वाट केली, आणि कोणीतरी मधून चालत जावे तशा त्यांच्या माना हळूहळू वळत गेल्या, वसाहतीच्या दिशेने. मीही त्या बाजूला पाहिले. तुरीवरून वारा गेला, तेवढेच. रेवतीने बराच वेळ कट म्हटले नाही. तेच दृश्य चित्रपटात राहणार आहे, तिने मला तसे कळवले आहे.

सामान आवरत असताना शांताबाई माझ्यापुढे हात करून उभी राहिली. "ओवाळणी दे, बापू."

"कोणाची?"

"जिले ओवाळलं तिची. तिच्याजवळ कुठचे पैसे? पोरगी हाये अजून."

माझ्या खिशात तेव्हा रोख पैसे नव्हते. हल्ली सगळे फोनवर चालते. ती म्हणाली, घाई नाही.

मागच्या आठवड्यात तळवाडी मोडली. कराराचे उरलेले चार लाख एक हजार ताईच्या खात्यात आले आहेत, त्यांचे काय करायचे ते आम्ही बसून ठरवू. दार हवे का, असे रेवतीने विचारले. मी ते वसाहतीत शांताबाईकडे पोचते करायला सांगितले. काल गेलो तर तिने ते अंगणात, नव्या सिमेंटच्या भिंतीला लागून, चौकटीसकट उभे केले होते, आणि पुन्हा बंद होऊ नये म्हणून खाली वीट लावली होती. मी चपला काढल्या आणि हिशेब पुरा केला. दिले एकशे एक रुपये, रोख, इंदूच्या वतीने. घेणार शांताबाई.